अँटेना काढून घेतलेली चाचणी

गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यात वॉकीटॉकी तयार व्हायचे, आणि त्यांचा आवाज लांब पोचायचा तो माझ्या हातामुळे. आवाज हवेत फेकायला जोर देतो तो ॲम्प्लिफायर. त्याची तांब्याची वेटोळी प्लास्टिकच्या काडीने किंचित फाकवायची आणि मीटरचा काटा पुरता वर चढला की थांबायचं. निर्मळहून स्कूटरवर येऊन सतरा वर्षं मी हेच केलं. शेठ पाहुण्यांना माझं टेबल मुद्दाम दाखवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मध्ये नायगावची एक कॉलेजातली मुलगी माझ्या हाताखाली शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने अँटेना न लावता बटण दाबलं. बाहेर जायला वाट नसली की सगळा जोर उलटा फिरतो आणि ॲम्प्लिफायर जाळतो. तसा तो जळला. मी तिला सगळ्यांसमोर इतकं झापलं की तिचे डोळे भरून आले.

काही वर्षांनी तीच मुलगी चिप बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर होऊन परत आली. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपमध्ये ॲम्प्लिफायर, वेटोळी, सगळंच. काडीला कामच नाही. चिप पास झाली की माझं टेबल निघणार आणि मी पॅकिंगला बसणार, हे शेठनी आधीच सांगून टाकलं होतं. तिच्यासाठी त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. माझ्यासाठी कधी पुसली नव्हती. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

चाचणी घ्यायची होती मीच. ती चहा आणायला गेली तेव्हा मी अँटेना काढला आणि बटण दाबून धरलं. ती चिप जळायलाच हवी होती मला. वीसपर्यंत मोजलं, तरी जळका वास येईना. अँटेना परत लावला, तर काटा झर्रकन वर.

वळून बघते तर ती दोन कप घेऊन मागे उभी.

"मला वाटलंच ताई, तुम्ही हे करून बघणार!" ती हसली. तिला तो चाचणीचाच भाग वाटला होता. "अँटेना नसला की चिप आपोआप जोर कमी करते. मी हट्टाने टाकायला लावलं ते. पहिल्या दिवशी तुम्ही मला जाम झापलेलं ना, ते डोक्यातून गेलंच नाही."

म्हणजे टेबल तर गेलंच, माझं ओरडणंसुद्धा तिने त्या चिपमध्ये घातलं होतं.

चहात साखर अगदी माझ्या मापाची होती. तेही तिच्या लक्षात राहिलं होतं, याचा मला आणखीच राग आला. मग मी कागदावर 'पास' लिहून सही केली.