मंद्रूपला सोडलेले कुत्रे

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या विणकराचे कुत्रे मी त्याला न विचारता आठ कोसांवर सोडायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर ते शोधत हिंडलो. ही गोष्ट मी आजवर प्रयोग म्हणून सांगत आलो. ती चोरी होती.

त्या वेळी मी सोलापुरात एका हायस्कुलात शास्त्र शिकवीत होतो. वय अठ्ठावीस, आणि आपल्याला कळणार नाही असे काही असेल ही शंकाही मनाला शिवत नसे. एकदा मधल्या सुट्टीत मी म्हणालो, की कुत्रे कितीही लांब नेऊन सोडा, ते घरी येतेच.

"वाट बघितलेली असली तर येईल," ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "पोत्यात घालून न्या, मग बघू. नाहीतर तुमचं शास्त्र आपलं फळ्यावरच बरं."

सगळे हसले. मला ते लागले.

म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मागावरचे काम तो बोटांनी करी. पण चार गल्ल्या पलीकडच्या कारखान्यातून संध्याकाळी त्याला घरी आणी ते हे कुत्रे. ते पुढे चाले, आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगराच्या आवाजामागे म्हातारा. प्रयोगाला याहून चांगले कुत्रे कुठे मिळणार, एवढेच माझ्या डोक्यात आले.

दिवाळीच्या सुट्टीत, एका शनिवारी दुपारी, मंद्रूपचा एक ओळखीचा शेतकरी कडब्याची गाडी रिकामी करून परत निघाला होता. मी भाकरी दाखवून कुत्र्याला परसात नेले. घुंगरू वाजू नये म्हणून त्याचा पट्टा सोडला, आणि हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून धरायला माझ्या जुन्या पंच्याचा काठ फाडून त्याच्या गळ्यात बांधला, आणि त्याला पोत्यात घातले.

"उद्या सकाळी गावाबाहेर सोडून दे," मी म्हणालो.

"कुनाचं हाय, मास्तर?"

"माझंच."

"मग सोडताय कशापायी?" असे म्हणत त्याने पोते गाडीत ठेवले.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. म्हातारा कारखान्याच्या दारात अंधार पडेपर्यंत बसून राहिला. शेवटी सून जाऊन त्याला घेऊन आली. रविवारी सकाळी त्याने माझे दार वाजवले.

"मास्तर, तुमचे डोळे चांगले हायती. जरा चला की माज्यासंगं."

मी गेलो. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याच्या घरच्या तेलुगूत "रा, रा", म्हणजे "ये, ये", अशी हाक मारत होता. हाक मारली की तो मान कलती करून घुंगराचा कानोसा घेई. ते घुंगरू रुमालात गुंडाळून माझ्याच कोटाच्या खिशात होते. संध्याकाळी परत निघालो तेव्हा तो म्हणाला, "सून किती दिस आणंल मला? ते न्हाय आलं तर माझा माग सुटला म्हना."

तेव्हा बोलायला हवे होते. पण मला खात्री होती, की कुत्रे उद्या येईल आणि मग बोलायची गरजच उरणार नाही.

सोमवारी उजाडल्यापासून मी घड्याळ घेऊन ओट्यावर बसलो. त्या दिवशी विणकरांनी गल्लीभर ताणा पसरला होता. कंबरेएवढ्या उंचीवर सुताचे लांबच लांब पट्टे, आणि दोन्ही बाजूंनी बायामाणसे कुंच्यांनी त्यांना खळ लावीत होती. साडेदहापर्यंत कुत्रे आले नाही. मी वहीत लिहिले: प्रयोग फसला. ड्रॉइंग मास्तर आता काय म्हणतील, हा विचार मला आधी आला. म्हाताऱ्याचा नंतर.

अकराच्या सुमारास खळ वाळली आणि ताणा गुंडाळला गेला. शेवटचा पट्टा निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बसलेले कुत्रे उठून चालत आले. चारी पायांवर मंद्रूपच्या वाटेवरच्या सीना नदीचा गाळ वाळला होता.

"सकाळधरनं बसलंय की तितं, पन खळ सोडून उठता येईना," सून म्हणाली. "मला वाटलं, मास्तरांनी बघितलं असंल."

पिलू असताना ते ताण्यात शिरले होते आणि सूत तुटल्याबद्दल त्याने मार खाल्ला होता. तेव्हापासून ताणा पसरलेला असला की ते गल्लीत पाऊल टाकीत नसे. हे गल्लीतल्या पोराटोरांना माहीत होते. चार वर्षे तिथे राहून मला नव्हते. ताण्याच्या वेळी मी नेहमी शाळेत असे.

म्हाताऱ्याने कुत्र्याला मांडीशी घेतले. अंगावरून हात फिरवला, पाय चाचपले. गळ्याशी येऊन बोटे थांबली. त्याने ती पट्टी अंगठ्याखाली दोनदा घासली.

"मास्तर, ह्यो काठ माज्या मागावरचा हाय. गेल्या साली दसऱ्याला तुमाला पंचा दिलता, त्याचा."

"पंचा वाळत घातला होता, मामा. कुणीतरी पळवला असेल," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला, आणि गाठ सोडू लागला.

ड्रॉइंग मास्तरांना मी सारे सांगितले. त्यांनी हार मानली. शाळेत माझे कौतुक झाले. कुत्रे घरी येते, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण म्हाताऱ्याने नवे घुंगरू बांधलेले ते कुत्रे पुढे सहा वर्षे जगले, आणि मी ओट्यावर असलो की म्हाताऱ्याला घेऊन पलीकडच्या कडेने जाई. म्हातारा निमूट त्याच्यामागे वळे. त्याने मला कधी काही विचारले नाही.

कुत्रे मेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भोंगा झाल्यावर, मी कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हाताऱ्याचा हात धरला.

"कोन, मास्तर व्हय? चला," तो म्हणाला.

तीन गल्ल्या आम्ही चालत आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्याच लिंबाखाली, मी खिशातले ते जुने घुंगरू काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याची बोटे मिटली.

"मामा, मंद्रूपला ते मीच पाठवलं होतं. पंचा कुणी पळवला नव्हता. तुमच्याबरोबर शोधत होतो तेव्हाही हे माझ्याच खिशात होतं. माझं चुकलं. मला माफ करा."