वाशांखालचं जनेल

गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पेडण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातला धूर काही मुक्त होत नव्हता. दोष बाबांचा. वाटणीच्या वेळी एका फणसाच्या झाडावरून ते काकांशी भांडले. काकांनी शेजारी नवं घर बांधलं आणि बाबांनी त्यांच्या अंगणाकडची आमची खिडकी चिरे लावून बुजवून टाकली. भावाचं तोंड दिसायला नको म्हणून आख्ख्या घराने धूर खायचा, असा हा न्याय.

आईचे डोळे सदा लाल. पण तिचं दुःख नुसतं धुराचं नव्हतं. काकू आणि ती वर्षानुवर्षं एका चुलीवर रांधत आल्या होत्या. बाबांनी बोलणं बंद करायला लावल्यापासून तिला कुणी बोलायला उरलं नव्हतं. आमच्याशी काय बोलणार, आम्ही फक्त जेवायला मागत असू.

शेवटी ती बुजवलेल्या खिडकीकडे बोट करून म्हणाली, ‘‘डोळे गेले माझे. तां जनेल उघडा.’’

बाबांना नाही म्हणायचं होतं, पण वाईटपणा नको होता. अशा वेळी आमच्याकडे देवावर सोपवतात. ‘‘देवाक इचारूया,’’ ते म्हणाले.

गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एरवी देव तासन्‌तास ताटकळत ठेवतो. त्या दिवशी गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली. आईने हात जोडले. बाबांनी जोडले ते बऱ्याच वेळाने.

देवाचा शब्द मोडता येत नाही, पण बाबा बाबाच होते. त्यांनी गवंड्याकडून जुनी जागा तशीच बुजलेली ठेवून पार वर, वाशांना टेकेल अशी खिडकी काढून घेतली. आई बघतच राहिली. ‘‘देवान जनेल सांगल्यान, उंची खंय सांगल्यान?’’ बाबा म्हणाले आणि खूश होऊन फिरायला गेले.

आईने निमूटपणे कांदे ठेवायचं स्टूल रिकामं करून भिंतीला लावलं. पलीकडे काकूने दगड रचले. मग वरून गप्पा सुरू झाल्या, वाट्याही जाऊ-येऊ लागल्या. काकूचं भाज्यांचं खतखतं बाबा तिरफळांच्या वासावरून ओळखायचे, दोनदा वाढून घ्यायचे आणि ‘‘मीठ कमी आसा’’ एवढंच म्हणायचे.

काकांना जुना खोकला. तो पहाटे सुरू झाला की बाबा चिडायचे, हा मला मुद्दाम उठवतो म्हणायचे. एकदा तो ऐकूच येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांचा चहा गार झाला, पेपर उलटा धरलेला मी पाहिला. विचारायचं कुणाला? आई लाकडं आणायला मागीलदारी गेल्याबरोबर ते स्टुलावर चढले.

काका अंगणात नारळ सोलत बसले होते, ठणठणीत. त्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलले.

‘‘दादा, सावकाश. पडतलस!’’

‘‘नळे बघतंय,’’ बाबा घाईने वर कौलांकडे पाहत म्हणाले.

‘‘गळतत काय?’’

‘‘गळतत.’’

मग दोघे भर वैशाखात गळणाऱ्या नळ्यांविषयी बोलत राहिले. आई मोळी घेऊन आत आली, तिने वर पाहिलं. मोळी आवाज न करता खाली ठेवली आणि ते डगमगणारं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून, चुलीवरचा भात करपेपर्यंत, तशीच उभी राहिली.