पट्टी सुटण्याआधी

आधीच सांगून ठेवतो — मला उपदेश नको आहे. या धाग्यावर कुणी काही लिहिलं की खाली लगेच दोन टोळ्या जमतात. एक म्हणते, बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवून घ्या. दुसरी म्हणते, झोप झाली नसेल. मी स्वतः आयुष्यभर दुसऱ्या टोळीत होतो. सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा धंदा. "आपोआप झालं" असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं, कारण आपोआप काही होत नसतं, कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं. तरीही लिहितोय. कारण इकडच्या मराठी मंडळींत माझ्याबद्दल एक गोष्ट फिरते आणि ती अर्धीच फिरते. उरलेली अर्धी मी सांगतो, मग काय बोलायचं ते बोला.

२००९ चा हिवाळा, कॅनडात ऑन्टारियोतलं किचनर. मी आणि मंदार एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. तो पुण्याचा, मी नागपूरचा, नोकरी एकाच कंपनीत. छताला लागून दोन बुटक्या खिडक्या होत्या, डिसेंबर लागला की त्या बर्फाखाली जायच्या. वर यायला घराच्या बाजूने एक अरुंद जिना. दोघांची दोन टेबलं, त्यावर दोन जाडजूड जुने काचेचे मॉनिटर. तेव्हा सगळे चपटे स्क्रीन घेत होते, पण आमच्यासारखे गेम खेळणारे जुनेच धरून बसले होते, कारण त्यांत चित्र अजिबात उशिरा येत नाही. वजन मात्र असं की उचलताना कंबर धरायची.

गेम शूटिंगचा, पाच विरुद्ध पाच. टाइमपास नव्हता तो. आमची टीम होती, आणि मार्चमध्ये मॉन्ट्रियलला टूर्नामेंट होती. टीममध्ये चार खुर्च्या पक्क्या होत्या, पाचवी एकच उरली होती आणि तिच्यावर आमच्या दोघांचा डोळा. कॅप्टन हरमन, ब्रॅम्पटनचा पंजाबी पोरगा, त्याने स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही दोघेही डोक्याने चांगले खेळता, पण हात मंद आहेत. समोरचा दिसतो आणि मग तुम्ही विचार करता. ज्याचा रिअ‍ॅक्शन टाइम सुधारेल तो येईल, दुसरा घरी बसेल. हे ऐकल्या दिवसापासून आमच्या घरातली हवा बिघडली. भांडी कुणी घासायची, हीटर कुणी वाढवला, यावरून कुरबुरी सुरू झाल्या. कारण खुर्ची होती, बोलायचो भांड्यांवरून.

पण सरावाला माणूस लागतो, आणि बेसमेंटमध्ये दोघंच. कॉम्प्युटरवर लाल पडदा हिरवा झाला की क्लिक करायची टेस्ट आम्ही करायचोच. शिवाय मंदारने कुठेतरी पट्टीचा व्यायाम वाचला होता. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची त्याची स्टीलची लांब पट्टी त्याने पुण्याहून आणली होती, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. एकाने ती वरून उभी धरायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या रेघेवर, अंगठा आणि बोटं न टेकवता उघडी ठेवायची. वरचा न सांगता पट्टी सोडणार, खालच्याने पकडायची, जितकी कमी घसरली तितका हात चपळ. हरमनने बजावलं होतं की सोडणारा माणूस बदलत राहा, नाहीतर पट्टी पकडायला शिकण्याऐवजी तुम्ही तो माणूस ओळखायला शिकाल. आम्ही कुठून बदलणार? शनिवार-रविवार पोहे खाल्ले की तो सोडणार, मी पकडणार. मग उलट.

महिनाभरात माझी पकड शून्याच्या चांगलीच जवळ आली. त्याची जिथल्या तिथे. मी त्याला चिडवायचो, की पुण्यात सगळं दुपारी बंद असतं ना, हातसुद्धा. तो आधी हसायचा. मग हसायचा बंद झाला.

जानेवारीतल्या एका रविवारी माझी मूठ मिटली ती थेट शून्याच्या रेघेवर. घसरलीच नाही पट्टी. मंदार म्हणाला फाऊल, तू आधीच पकडलीस. पुन्हा केलं. पुन्हा शून्य. तो म्हणाला तू माझी बोटं बघतोस, बोटं हलायच्या आधी ताणली जातात ते तुला कळतं. खरंच असेल, मलाही तसंच वाटलं. म्हणून मग कपडे वाळत घालायची दोरी होती, तिच्यावर मोठा टॉवेल टाकला. तो टॉवेलच्या पलीकडे स्टुलावर, मी अलीकडे जमिनीवर. मला त्याचा हात दिसत नव्हता, त्याला माझा. टॉवेलखालून फक्त पट्टीचं टोक लोंबत होतं.

शून्य. परत शून्य. मूठ मिटायची आणि त्याच क्षणी वरून पट्टीचं सगळं वजन माझ्या बोटांत यायचं. मला जाम मजा येत होती, खोटं कशाला बोलू. खुर्ची आता आपली, एवढंच डोक्यात होतं.

 मग पलीकडून तो हळू आवाजात म्हणाला, "निख्या, मी सोडत नाहीये."

मी म्हटलं, "नाटकं नको करू बे."

त्याने टॉवेल ओढून काढला. चेहरा घामेजला होता. त्याचं म्हणणं असं की शेवटच्या चार-पाच वेळा त्याने पट्टी सोडायचीच नाही असं ठरवलं होतं, मला उगाच ताटकळत ठेवायला. घट्ट धरून बसला होता. आणि दर वेळी त्याची बोटं त्याला न विचारता उघडली. "तू पकडतोस म्हणून ती सुटते," तो म्हणाला. "सुटते म्हणून तू पकडत नाहीस."

मला संताप आला. हरायला लागला की माणूस काय काय शोधून काढतो, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तो अंगावर धावून आला नाही एवढंच. पट्टी कपाटावर फेकली आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं राहिलं.

त्यानंतर दोन सराव सामने झाले. दोन्हींत मी भिंतीच्या कोपऱ्यावर गोळी झाडायचो आणि समोरचा खेळाडू बरोबर त्या गोळीत बाहेर यायचा. समोरच्या टीमने बोंब मारली की हा चीटिंग करतोय. हरमनने माझं मशीन उघडून तपासलं, काही सापडलं नाही. मंदार शेजारच्या टेबलावरून सगळं बघत होता. त्याचं ते बघणं माझ्या डोक्यात जायचं.

आता जे फिरतं ते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी हरमनकडे शेवटचा सराव होता, त्यानंतर तो खुर्ची जाहीर करणार होता. तो व्हॅन घेऊन आला. माझा मॉनिटर मी आणि हरमनने वर आणून ठेवला. मंदारला म्हटलं थांब, तुझाही धरतो. तो म्हणाला माझ्या सामानाला तू हात लावू नकोस. ठीक आहे, मी जाऊन व्हॅनमध्ये पुढे बसलो. हरमन ड्रायव्हरच्या सीटवर, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलं नाही म्हणून सिटीच्या लोकांना शिव्या घालत होता. माझा उजवा हात मांडीवर. आणि तो मिटला. मी मिटला नाही. बोटं आत वळली, ग्लोव्हचं कातडं करकरलं, आणि बाजूच्या जिन्यातून काच फुटल्याचा आवाज आला.

आम्ही धावलो. मंदार जिन्यात बसला होता, मॉनिटर खालच्या पायरीवर फुटलेला. त्याचा उजवा हात मॉनिटर आणि कठड्याच्या मध्ये सापडून बोटं भलतीकडे वळली होती. व्हॅनमधून जिना दिसत नाही, जिन्यातून व्हॅन दिसत नाही. हे लिहून ठेवा, कारण व्हॅनमध्ये बसलेल्या मला त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला उचलायला मी वाकलो तेव्हा तो इतकंच म्हणाला, "मूठ मिटलीस ना तू?"

मी नाही म्हणालो. हो कशाला म्हणू? समोरचा माणूस तुमच्यावर असला आरोप करतो, तोही त्या अवस्थेत, तेव्हा काय वाद घालायचा?

पण हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये हरमन माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुट्ठी तो बंद की थी तूने. मैंने देखा।"

मंदारच्या तीन बोटांत पिना घातल्या. तो महिन्याच्या आत स्कारबरोला चुलतभावाकडे निघून गेला आणि जाताना जे सांगायचं ते सगळ्यांना सांगून गेला — की निखिलने खुर्चीसाठी माझा हात मोडला. कसा मोडला ते कुणी विचारत नाही. खुर्ची मलाच मिळाली, दुसरं कुणी नव्हतंच. हरमन माझ्याशी सरळ बोलेनासा झाला. मॉन्ट्रियलला आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. माझा हात पूर्वीइतकाच मंद होता. कोपऱ्यातून माणूस यायचा, मी त्याला बघायचो, आणि मरायचो.

नंतर मी टेस्टिंगवाल्याच्या पद्धतीने सगळं करून पाहिलं. ऑफिसातल्या वेगवेगळ्या लोकांना पट्टी सोडायला लावली. कधीच शून्य नाही. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला थंडीत बोटं आखडतात. मंदारचं सांगाल तर बुटांना बर्फ, हातात जड मॉनिटर, डोक्यात माझ्याबद्दलचा राग, पडायला एवढं पुरे. पट्टीचं सांगाल तर तो मुद्दाम सोडत असेल आणि मला घाबरवत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. फक्त ती तिन्ही-चारही कारणं एकाच माणसाच्या एकाच हाताशी का येऊन थांबतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या दिवाळीला टोरांटोत मराठी कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. फराळाच्या रांगेत मी वळलो आणि समोर मंदार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कडेवर त्याची मुलगी, दीड-दोन वर्षांची, केसांना दोन पिना लावलेली. त्याने मला ओळखलं. तोंडातून शब्द काढायच्या आधी तो खाली वाकला, मुलीला जमिनीवर नीट उभं केलं, तिचे पाय टेकलेत याची खात्री केली, आणि मगच सरळ होऊन म्हणाला, "कसा आहेस?"

आजूबाजूच्यांना काही कळलं नाही. मला कळलं. एरवी मी तिथेच त्याची कॉलर धरली असती, चार लोकांत विचारलं असतं की तू मला समजतोस तरी काय. पण मला राग आला नाही. तो वाकला तेव्हा मी उजव्या हाताची बोटं ताणून उघडी धरली होती, आणि ती पोर जमिनीवर उभी राहिली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणालो, बरा आहे, आणि रांग सोडून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.