स्वित्झर्लंडचा पास, चाचणी भुसावळला

स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत, याचा निर्णय आम्ही भुसावळ स्थानकावर घेतला.

जायचं होतं जूनमध्ये. पास आठ दिवसांचा, त्यात रेल्वे, बस, बोट, सगळं आलं. किमतीचा आकडा मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदाही तो तेवढाच होता! सवलत मेमधल्या एका शनिवारपर्यंतच होती आणि घेतलेला पास परत होणार नव्हता. रेल्वेच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर बघायचे, ही माझ्या पत्नीची, सुनंदाची, लग्नापासूनची इच्छा. ती वाया जाऊ नये आणि पैसेही वाया जाऊ नयेत, एवढंच मला साधायचं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मयूरनं फोनवर सूत्र सांगितलं.

"पप्पा, सिंपल है. दिवसाला तीन गाड्या पकडल्या तर पास वसूल. नाहीतर छोडो."

"तीन कशा पकडायच्या?"

"एकीतून उतरायचं, दुसरीत बसायचं. मध्ये सात मिनिटं भेटतात."

"सात?" सुनंदा मागून ओरडली. "सात मिनिटांत तुझ्या पप्पांना आपला डबासुद्धा सापडत नाही!"

मी वर्तमानपत्रात नोकरी केलेला माणूस. खातरजमा केल्याशिवाय एक ओळ छापली नाही. त्यामुळे चाचणी ठरली. सवलतीच्या त्याच शेवटच्या शनिवारी सकाळी बऱ्हाणपूरहून भुसावळला जायचं, उतरायचं आणि सात मिनिटांत पूल ओलांडून परतीच्या गाडीत बसायचं. चाचणी प्रामाणिक हवी म्हणून सामान तेच आणि कपडेही तेच. अशा रीतीनं, बऱ्हाणपुरातल्या आमच्या लालबागेत डांबराला चपला चिकटत असताना, आम्ही दोघं लोकरी कोट घालून, दोन सुटकेसी ओढत घराबाहेर पडलो.

दारात शेजारच्या महाजनकाकू. परदेशाचा आमचा बेत त्यांना ठाऊक होता.

"निघाले का हो?"

(निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारू नये, अपशकुन होतो. काकूंनी तो नियम काटेकोर पाळला.)

"हो, निघालो," सुनंदा म्हणाली. प्रश्न बरोबर, उत्तर खरं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

"थांबा! असे कसे जाता? फॉरेनला जातात आणि दही नाही खाऊन जात?"

तळहातावर दही-साखर पडेपर्यंत गल्ली गोळा झाली. स्थानक जवळच. त्यामुळे अकरा माणसं, दोन हार आणि एक नारळ आमच्याबरोबर फलाटावर आले. मी खुलासा करायला तोंड उघडलं.

"अहो, गप्प बसा," सुनंदा कानात म्हणाली. "भुसावळला जाऊन परत येण्यासाठी कोट घातलाय, हे सांगणार का चारचौघांत?"

मी मान पुढे करून हार घालून घेतला.

महाजनकाकूंचं माहेर भुसावळचं, सुनंदाच्या भावाच्या, म्हणजे प्रमोदच्या, गल्लीतलं. गाडीला भुसावळ गाठायला तासभर लागतो. काकूंच्या फोनला एक मिनिटही लागलं नसावं! फलाटावर पाय टेकताच मी मोबाइलवर सात मिनिटं लावली. परतीची गाडी पलीकडे उभी होती. "चल!" म्हणून वळलो, तर समोर प्रमोद आणि त्याच्यामागे चौदा नातेवाईक.

"दाजी! सांगितलं पण नाही? आम्ही काय परके आहोत?"

"प्रमोद, नंतर बोलू. माझ्याकडे सातच मिनिटं आहेत."

"सातच? ए पोरांनो, पटापट पाया पडा रे!"

चौदा जणांची रांग लागली. सुनंदा कोणाला घाईघाईत आशीर्वाद देत नाही. प्रत्येकाची परीक्षा, नोकरी, लग्न विचारून मगच डोक्यावर हात! नवव्या माणसाला सहा मिनिटं झाली होती. तेराव्याला परतीची गाडी सुटली. चौदाव्या मावशी होत्या; त्यांना आम्हीच वाकून नमस्कार केला.

"दाजी, तुमची मुंबईची गाडी लागली!"

"अरे, आम्हाला मुंबईला..."

"गर्दी आहे, माहिती आहे! आपण आहोत ना!"

चार भाच्यांनी एक सुटकेस, दुसरी सुटकेस, सुनंदा आणि मी, अशा क्रमानं माल डब्यात चढवला. गाडी हलली. प्रमोद डोळे पुसत बरोबर धावत होता. त्याला खाली उतरून खरं सांगणं शक्य नव्हतं. माझा हात नारळासकट दोन प्रवाशांच्या मध्ये अडकला होता!

तिकीट तपासनीस आला. मी भुसावळ-बऱ्हाणपूर तिकीट पुढे केलं. त्यानं तिकीट पाहिलं, हार पाहिले, कोट पाहिले.

"बाबूजी, बुरहानपुर तो पीछे है."

"मालूम है."

"तो आगे क्यों जा रहे हो?"

"साले ने बिठा दिया."

त्यानं दंडाची पावती फाडली. जळगावला उतरून, तिसरी गाडी पकडून, संध्याकाळी आम्ही मागच्या गल्लीनं घरात शिरलो.

"मग? काय ठरवलं?" सुनंदानं पंख्याखाली बसत विचारलं.

निष्कर्ष स्पष्ट होता. सात मिनिटांच्या चाचणीत आम्ही सपशेल हरलो होतो. पण एका दिवसात तीन गाड्या झाल्या होत्या! शिवाय ज्याला लोक उचलून भलत्याच गाडीत घालतात, त्याच्यासाठी पास महाग नाहीच. मी मोबाइलवर अर्ज भरला, पैसे भरले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

गल्लीच्या दृष्टीनं आम्ही परदेशात होतो, म्हणून दोन दिवस खिडक्या लावून काढले. सोमवारी संध्याकाळी मात्र जीव गुदमरला. ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा बेतानं राजघाटावर गेलो आणि तापीत होडीतून फेरी मारायला निघालो. मी उत्साहानं नावाड्याला मोबाइलवरचा पास दाखवला.

"अगले महीने ऐसी ही बोट में फोकट घूमेंगे, भैया."

त्यानं वल्हं आडवं ठेवलं आणि पास वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाबूजी, इसमें तो परसों की तारीख पड़ी है. ये तो चालू हो गया!"

मी पाहिलं. पास सुरू होण्याच्या रकान्यात आपोआप आलेली शनिवारची तारीख मी तशीच राहू दिली होती. म्हणजे त्या क्षणी स्वित्झर्लंडमधली प्रत्येक रेल्वे, प्रत्येक बस आणि प्रत्येक बोट आम्हाला मोफत होती. आम्ही तापीच्या मधोमध होतो, आणि या होडीचे पैसे वेगळे होते.