मनोऱ्याच्या खिडक्या

नाटकमंडळीत त्याला सगळे 'मनोरेवाले' म्हणत. चाळीस वर्षं त्याने पडद्यांवर राजवाडे रंगवले, तुरुंग रंगवले. पण पडदा उघडताच टाळी घ्यायचा तो त्याचा मनोराच. नट बिचारे मागाहून!

"उंच कापड लावलं म्हणून मनोरा उंच होत नाही," तो सांगायचा. "खिडक्या वर जाताना लहान होत गेल्या पाहिजेत. शेवटची तर नखाएवढी. आत माणूस आहे हे दिसावं, पण त्याची हाक खाली पोचू नये. तेव्हा तो मनोरा. नाहीतर कपाट!"

मग अर्धांगवायूने उजवं अंग नेलं, वाचाही नेली. डावा हात अर्धामुर्धा उरला, आणि डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

बंदिवान राणीच्या नाटकाचा मनोरा या खेपेला लेकीने रंगवला. तिचं पहिलंच काम. प्रयोगाच्या दुपारी तिने बापाला चाकाच्या खुर्चीतून रंगमंचावर आणलं. त्याने वर पाहिलं. खालपासून वरपर्यंत साऱ्या खिडक्या एकाच मापाच्या. कपाट! आणि तासाभरात पडदा उघडणार.

"रंग भडक झाला का, बाबा?"

डोळे दोनदा मिटले.

"दार चुकलं?"

पुन्हा दोनदा.

"खिडक्यांचं मी विचारतच नाही हं! पट्टी लावून आखल्यात, सूतभर इकडेतिकडे नाही."

दोनदा, दोनदा, दोनदा.

"अगंबाई, डोळ्यांत काही गेलं का?" तिने पदराने त्याचे डोळे टिपले.

त्याने डाव्या हाताने आखणीच्या कोळशाकडे बोट केलं. तिने कोळसा हातात दिला, खुर्ची मनोऱ्याला भिडवली. पायथ्याशी एक छोटा मनोरा काढून दाखवावा, वर निमुळता होत गेलेला, एवढंच त्याच्या मनात होतं. हात घसरला. दगडांवरून एक वेडीवाकडी रेघ उतरली.

लेकीने टाळीच वाजवली.

"भेग! जुन्या मनोऱ्याला भेग हवीच की! मला मेलीला सुचलंच नाही." कुंचला घेऊन तिने ती रेघ झोकात रंगवून काढली.

पडदा उघडला. टाळी पडली. विंगेत ती बापाच्या कानाशी वाकली, "ऐकलंत? तुमच्या भेगेला आहे ही. आवडला ना मनोरा?"

त्याला तो बघवेना. त्याने डोळे मिटून घेतले. एकदाच.

"हो म्हणाले!" ती शेजारच्या नटाला म्हणाली.