जावयाचं गपगार यंत्र

आमच्या जावयाइतका आवाजाला भ्यालेला माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडायचा नाय. वाघाला भिणार नाय, सापाला भिणार नाय, पण कुठं 'टुंग' वाजलं की गडी दचकलाच. गंगापूर रोडला फ्लॅट हाय, घरातच बसून कंप्युटरवर नोकरी करत्यात. पहिलं पहिलं मी जायची तर काय, त्या कंप्युटरात सारखं टुंग टुंग व्हायचं, आन हे भाकरीचा घास हातात घेऊन पळायचे. दाणे टाकले की कोंबडी पळती, तसे. मग एक दिवस त्यांनी त्यात सॉफ्टवेअर घातलं. मला मोठ्या कौतुकानं सांगत्यात, "मामी, मी कामात शिरलो की हे आपोआप ओळखतं आणि सगळ्यांची तोंडं बंद करतं." म्हणलं, बापू, लय उशिरा निघालं. माझी सासू जित्ती असताना पायजे व्हतं.

पण गोडी लागली की माणूस थांबतो व्हय? कंप्युटर गप झाला, मोबाईल बी त्यालाच जोडून गप केला, मग घराची पाळी आली. देवातल्या घंटीच्या लोलकाला पोरीच्या केसाची रिबीन बांधली. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजाया लागली. पोरगी मला म्हणती, "आई, ह्यांच्या घरात वरणाला उकळी आली तरी ती दबकत येती." एकदा ती भाजी घेऊन आली, तर बेल काढून ठेवलेली. मग काय, जिन्यात बसून वाटाणे सोलले, टरफलं दाराच्या फटीतून आत सारली. तवा कुठं दार उघडलं. मी मळ्यातला कोंबडा नेला तर त्याच्याकडं टक लावून बघत व्हते. म्हणले, "मामी, याला काही सेटिंग नाही का?" म्हणलं, हाय की. मसाला वाटून घ्या.

माझी रीत उलटी. मालक गेले तवा पोरगी पाटीत निजायची एवढी व्हती. मोटर जळाली, वाफे सुकाया लागले, म्हणून बांधावरून दिराला हाक मारली. त्यानं ऐकली, मान वळवली, आन परत बैल हाकीत गेला. म्या बादल्यांनी पाणी घातलं. रडले-बिडले नाय, रडून वाफा भिजत नसतो. पण तवापासून हाक एकदाच मारायची. आला तर आला, नाय आला तर आपले हात हायतच. मोबाईल आला तरी तेच. एक रिंग द्यायची आन कापायचा. फोनात मला एकच नाव सापडतं, जावयाचं. पोरीनं त्याच्यापुढं झेंडूच्या फुलाचं चित्र लावून दिलंय.

औंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू तोडला. वर्षाचा घास तोच. दसरा झाला की झेंडूला कुत्रं पुसत नाय. ठरलेलं असं की तोडणी उरकली की म्या मिसकॉल द्यायचा, मग जावई टेम्पोवाल्याला धाडणार. मिसकॉल दिला. बांधावर बसले. त्र्यंबकच्या अंगानं आभाळ काळं व्हत आलं. भिजला झेंडू म्हंजे शेण. टेम्पो नाय, फोन नाय. बसले तशीच. मग म्हणलं, झालं, हा बी दीरच निघाला. चुंबळ केली, एक पाटी डोक्यावर घेतली आन डांबरी रस्त्याला लागले.

निम्म्या वाटंत जावयाची गाडी करकचून थांबली. हाफ चड्डी, पायात दोन पायांच्या दोन चपला. ते जेवाया उठले तसं यंत्रानं दाबून ठेवलेलं सगळं एकदम दाखवलं म्हणे, माझा मिसकॉल बी. पाटी माझ्या डोक्यावरनं उतरवत म्हणाले, "मामी, परत का नाही लावला? लगेच दुसऱ्यांदा लावला की ते वाजू देतं!"

म्हणलं, "बापू, दुसऱ्यांदा हाक मारायची मला सवय नाय."

मग गडी गप झाला. सॉफ्टवेअर नसताना झाला.

टेम्पो यायला येळ व्हता, म्हणून नव्याकोऱ्या गाडीत झेंडू कोंबला. सीटवर झेंडू, डिकीत झेंडू. मार्केटच्या वाटंत त्यांच्या साहेबाचा फोन आला, तोंड दिसणारा. गाडी कडंला लावून हे गळ्याइतक्या फुलात बसून हो सर, हो सर करत्यात, आन साहेब इचारतो, "सत्कार आहे का कुठं?" खेपा मारून, टेम्पो धरून, पावसाच्या आत सगळा माल गेला. गाडीचा एसी लावला की अजून पाकळ्या उडत्यात.

त्याच दिवशी त्यांनी त्या यंत्रात माझं नाव घातलं. साहेब गप, बायको गप, पण माझी एक रिंग गेली की कंप्युटर बोंबलतो. पोरगी फुगून बसलीय, "मला वाटाणे सोलाया लावता आन आईला बँडबाजा!"

आता झेंडू उपटून झाला. रान मोकळं हाय. हाक मारावी असं काय काम उरलं नाय. तरी दिवस कलला की बांधावर बसते, फुलाचं चित्र दाबते, एक रिंग जाऊ देते आन कापते. फोन खाली ठेवायच्या आत वाजतो.

"काय मामी, काय काम?"

"काय नाय बापू. चुकून लागला."

"बरं," म्हणत्यात, "उद्या पण लागू द्या चुकून."