गळक्या मडक्याचा फोटो

आमचे आबा एका मंगळवारी वारले, तेव्हा ते ओसरीत बसून शेंगा फोडत होते.

दोष माझाच. मी दुसरबीडला शाळेत चित्रकला शिकवतो आणि फावल्या वेळात स्वतःचेच फोटो काढतो. साधे नव्हेत, अतिवास्तववादी! (म्हणजे पाहणाऱ्याला काहीच कळलं नाही, की फोटो जमला असं समजायचं.) आबा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक फोटो बघून एवढंच विचारायचे, "हे काय होय बे?" त्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरा आहे' ऐकावं म्हणून माझा जीव तडफडत होता.

एका स्पर्धेसाठी मला प्रतीक सुचलं, गळून जाणारा काळ. खांद्यावर भोक पाडलेलं मडकं, त्यातून मागे पाण्याची धार. अंग उघडं, खाली पांढरं धोतर. मोबाइल बांधावर टेकवून टायमर लावला आणि शेतात गोल फिरलो. पहिल्या फेरीत डोकं कापलं गेलं, दुसरीत पाय. तिसरी फेरी अप्रतिम!

बाप गेल्यावर मुलगा असंच मडकं घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या मारतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कलावंताच्या डोक्यात त्या वेळी फक्त काळ होता! पलीकडच्या बांधावर शेजारचे किसनभाऊ थबकले. त्यांनी टोपी काढून हात जोडले. मला वाटलं, कलेला मान देताहेत. मीही डोळे मिटून मान झुकवली.

घरी पोचलो तर दारात गर्दी; किसनभाऊंनी फोनवरून बातमी थेट बीबीपर्यंत पोचवली होती. तेवढ्यात बीबीहून शांताआत्या जीपमधून उतरली. आपल्या मुलाच्या लग्नातल्या मानपानावरून ती आबांशी नऊ वर्षं बोलत नव्हती. तिनं डोळ्यांना पदर लावलेला. दारात जो म्हातारा उभा होता, त्याच्याच गळ्यात पडली.

"माहा दादा गेला वं माय!"

"शांते, मी जित्ता हाये वं!"

"तुमी चूप बसा! मले रडू द्या!"

मग तिनं वर पाहिलं आणि किंचाळली. किंकाळी ओसरल्यावर माझ्या हातातलं मडकं तिला दिसलं.

"नऊ वर्सांनी रडले, ते बी फुकट! आता कोनाचं मडं पडलं तरी या घरात पाय नाही ठेवत!" चहाही न घेता ती त्याच जीपनं परत गेली. आबा रस्त्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरानं स्पर्धेचा मेसेज आला. 'आपला फोटो वास्तव विभागात हलवला आहे. वडिलांच्या निधनाबद्दल सहवेदना.' बक्षीस नाही.

आबांनी फोन मागून घेतला. फोटो कितीतरी वेळ पाहिला.

"बरा आहे," ते म्हणाले.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकलं! माझे डोळे भरून आले.

"बराच आहे," आबांनी सुस्कारा सोडला. "पन आता मी खरंच गेलो, तरी शांता येत नाही. ती म्हनंल, पोट्टं फोटो काढून राह्यलं."